अडीचची गाडी आणि राहिलेले शेवट

नानांना एकसष्ट दिव्यांनी ओवाळून झालं, पुरणाचं जेवण झालं, टॉवेल-टोपी देऊन गावातली माणसं आपापल्या रानात कापूस वेचायला परत गेली आणि दुपारी एकच्या सुमाराला घरच्यांचा खरा कार्यक्रम सुरू झाला.

हा कार्यक्रम राजनंदिनीनं पुण्याहून तयार करून आणला होता. ती नानांच्या थोरल्या भावाची, अमरसिंहांची लेक. नोकरी पुण्यात, पण सिनेमा म्हणजे काय हे ती शिकली तलवाड्यातच, नानाकाकांच्या तोंडून. तिची आई तेलगावला भावाच्या घरी बारशाला गेली होती, त्यामुळे बैठकीच्या खोलीचा ताबा तिच्याकडेच होता. तिनं मोठ्या टीव्हीला लॅपटॉप जोडला, खिडक्या लावून घेतल्या, नानांसाठी मधोमध खुर्ची मांडली आणि हातात एक कागद घेऊन उभी राहिली.

"नियम सोपा आहे," ती म्हणाली. "मी एकेका जुन्या सिनेमाचं नाव घेणार. नानांनी त्याचा जो शेवट आपल्याला सांगितला होता, तो ज्याला आठवेल त्यानं सांगायचा. मग आपण खरा शेवट बघायचा."

"आन नानानं काय करायचं?" अमरसिंहांनी विचारलं.

"नानांनी खुलासा करायचा."

"खुलाशे मी डेपोत लई दिलेत," नाना म्हणाले. "त्यात आजूक एक."

नाना म्हणजे तानाजी, अमरसिंहांचे पाठचे भाऊ. एसटीत तेहतीस वर्षं कंडक्टर. सकाळची फेरी पावणेबाराला गेवराईत संपायची आणि परतीची तलवाडा अडीचला सुटायची. मधल्या वेळात बाकीचे कंडक्टर विश्रांतीच्या खोलीत घोरायचे, नाना टॉकीजच्या बाराच्या शोला जाऊन बसायचे. जे लागलं असेल ते. भुताचं, देवाचं, मारामारीचं, रडण्याचं, इंग्रजी, सगळं. आवडीनिवडीचा प्रश्नच नव्हता, कारण टॉकीज एक आणि मोकळा वेळ एकच. सव्वादोनला मात्र उठावं लागे, आणि सिनेमा संपायचा तीनच्या आसपास. म्हणजे नायक खलनायकाच्या अड्ड्यावर पोचायचा आणि नाना स्टँडवर.

वीकली ऑफ रविवारी. त्या दिवशी दुपारी ओट्यावर गल्लीतल्या बाया जमायच्या आणि नाना आठवड्याचा सिनेमा सांगायचे. अर्धा सिनेमा कोण ऐकून घेणार? म्हणून राहिलेला शेवट ते येताना गाडीतच तयार करायचे, ड्रायव्हर गहिनीनाथच्या सल्ल्यानं. गहिनीनाथचा आग्रह एकच असे, की खलनायक मोठ्या वाहनाखाली यावा. त्यामुळे तलवाड्यातल्या एका अख्ख्या पिढीची अशी समजूत होती, की सिनेमातली वाईट माणसं शेवटी बसखाली मरतात.

पुढं टीव्हीवर, मग मोबाइलवर जुने सिनेमे दिसायला लागले आणि नानांचं बिंग फुटलं. घरात कुणी रागावलं नाही, उलट करमणूकच झाली. नानांनी तीनशेच्या वर सिनेमे पाहिले आणि शेवट एकाचाही पाहिला नाही, असं सगळे कौतुकानं पाहुण्यांना सांगू लागले.

ते खरं नव्हतं. एका सिनेमाचा शेवट नानांनी पाहिला होता. हे ठाऊक होतं फक्त त्यांच्या बायकोला, केसरबाईंना.

"बघू तरी काय काय आणलंय," म्हणत नानांनी राजनंदिनीच्या हातातला कागद घेतला. पाच नावं होती. पहिली चार वाचताना ते हसत होते. पाचव्या नावाशी त्यांचा चष्मा थांबला. त्यांनी कागद नीट घडी करून परत दिला आणि पाणी प्यायचं निमित्त करून ते स्वयंपाकघरात गेले.

केसरबाई उरलेल्या पोळ्या कापडात गुंडाळत होत्या.

"आगं, पाचवा त्यो हाय," नाना हळूच म्हणाले.

"कोंचा?"

"मशीनवाला."

केसरबाईंनी हातातलं काम थांबवलं नाही. "तुमच्या भैनीनं, विजूताईंनीच घालायला लावला असंल. लई दिवसांपासून घोकत होत्या."

"मग आता?"

"आता काय. बघू द्या त्यांला."

"येडी का तू? तिनं खरा शेवट बघितला तर माझं तोंड बघायची न्हाई. असं कर, मेन स्विच बंद कर. लाइट गेली म्हणायचं."

"भावजींनी दिवाळीलाच इन्व्हर्टर बसवलाय," केसरबाई म्हणाल्या. "बत्तीस वर्सं पोटात धरून बसलात. आज एकसष्ट दिव्यांनी ओवाळलंय तुमाला. आता तरी मोठे व्हा आन बसा जाऊन खुर्चीत."

मशीनवाल्या सिनेमाची हकिकत या घरात सगळ्यांना पाठ होती. बत्तीस वर्षांपूर्वी विजयमाला, म्हणजे नानांची धाकटी बहीण, लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी सासरहून निघून आली, गालावर नवऱ्याची पाच बोटं घेऊन. ती चार दिवस राहील आणि परत जाईल, असं सगळे धरून चालले होते. अमरसिंहांनी सोमवारसाठी जीपही सांगून ठेवली होती. आदल्या दिवशीच्या रविवारी नानांनी ओट्यावर एक सिनेमा सांगितला. त्यातली बाई नवऱ्याचा मार खाऊन भावाकडे येते, सगळे तिची समजूत घालतात, आणि शेवटी ती म्हणते, मी जाणार नाही. ती एक हिरवी शिलाई मशीन घेते, दुकान टाकते, दारावर आपल्या नावाची पाटी लावते, समाप्त. सोमवारी जीप दारात आली तेव्हा विजयमाला उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "मी जाणार न्हाई. मला मशीन पायजे."

आज तलवाड्याच्या पेठेत विजयमालाचं दुकान होतं. सात बाया कामाला आणि तीन शाळांचे गणवेश. तिनं हे धाडस कसं केलं असं कुणी विचारलं, तर ती मान ताठ करून सांगायची, "माझं मी ठरवलं. एका पिच्चरमधली बाई करती, मंग मी कावून न्हाई करणार?" नानांचे बाकीचे सगळे शेवट खोटे निघाले, तरी हा एक खरा, याबद्दल तिला शंका नव्हती. खोट्या शेवटात मशीनचा रंग कोण सांगतं?

आणि तो शेवट खोटा होता. नानांनी मुद्दाम रचलेला. आज तो बहिणीच्या डोळ्यांदेखत उघडा पडणार होता.

बैठकीत पहिला सिनेमा लागला. डाकूचा.

"ह्यो मला म्हाईत हाय," शेजारच्या छबुबाई म्हणाल्या. वय अठ्ठ्याहत्तर, ओट्यावरच्या जुन्या श्रोत्यांपैकी आता त्या एकट्याच उरल्या होत्या आणि आज सगळ्यात पुढची जागा त्यांची होती. "डाकू घोड्यावरनं पळतो, घाटात समोरनं येस्टी येती, घोडा बाजूला आन डाकू खाली."

खरा डाकू आईच्या मांडीवर डोकं ठेवून मेला. मरायच्या आधी तो नऊ मिनिटं बोलला, हे राजनंदिनीनं घड्याळ लावून मोजलं.

"खुलासा," अमरसिंह म्हणाले.

"खुलासा काय द्यायचा? बघा की तुमीच," नाना म्हणाले. "छातीत सात गोळ्या, आन बोलणं एवढं. आमच्या गाडीत नुसता ताप आलेला माणूस चढला तरी त्याला गावाचं नाव सांगता येत न्हाई. सिंगल बेल."

नानांचं सिनेमा जोखण्याचं माप असं होतं. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली की गाडी सुटते, एकदा मारली की थांबते. डबल बेलचा सिनेमा म्हणजे जाऊ द्या जोरात. सिंगल बेलचा म्हणजे थांबवा, उतरू द्या.

दुसरा भुताचा. त्याचा शेवट खुद्द अमरसिंहांना आठवत होता. "ती भूतबाई म्हंजे इधवा आसती. तिच्या दिरानं हिरीसकट जमीन हडपलेली. शेवटी तलाठी येतो, सातबाऱ्यावर तिचं नाव लावतो, आन भूत शांत हुतं."

राजनंदिनीला हसू आवरेना. खऱ्या सिनेमात एका साधूनं मूठभर राख फेकली आणि भूत भक्कन पेटून नाहीसं झालं.

"तान्याचा शेवट बरा होता," दहा वर्षं सरपंच राहिलेले अमरसिंह गंभीरपणे म्हणाले. "कायदेशीर होता."

"आन मला ह्या भुताचं एक कळत न्हाई," नाना म्हणाले. सिनेमाचं बोलणं निघालं की ते काळजीही विसरत. "ते भिताडातून आरपार जातं, मंग दार वाजवतं कावून? आमी समदे टॉकीजमधी दार वाजलं की दचकत होतो, बाजूचा माणूस माझ्या मांडीवर येऊन बसला होता, पर आक्कल कुणीच चालवली न्हाई. तरीबी डबल बेल. पैशे दचकायचेच दिलेले असत्यात."

तिसऱ्या सिनेमाला मोठी बक्षिसं मिळाली होती. एक माणूस आटलेल्या विहिरीपाशी बसतो. नानांच्या शेवटात विहिरीला पाणी लागलं होतं आणि गावानं पेढे वाटले होते. खऱ्या शेवटात तो माणूस पुष्कळ वेळ बसून राहिला, मग उठला आणि चालू लागला. पडदा काळा झाला.

"संपला?" छबुबाईंनी विचारलं. "का येतो परत?"

"हसू नका," नाना म्हणाले. "त्या शोला मी धरून चार माणसं होतो. तिघं झोपले होते, त्यातला एक मी. जाग आली तर बाबा तिथंच बसलेला. लई राग आला तेव्हा. पर खरं सांगतो, एवढे पिच्चर बघितले, नाचगाणी बघितली, ते समदं पुसून गेलं. ह्या माणसाची पाठ मला आजबी दिसती. रानात गेलो आन हिरीपाशी कुणी बसलेलं आसलं, की मी थांबतो, इचारतो बाबा काय झालं. ह्याला डबल बेल."

कुणी हसलं नाही. विजयमाला भावाकडे मायेनं बघत होती, आणि ते बघणं नानांना सोसवेना. त्यांनी घाईघाईनं चौथा लावायला सांगितलं.

चौथा इंग्रजी. आकाशातून एक गोळा येतो आणि पृथ्वीवर आदळणार असतो.

"तुम्ही सांगितलं होतं, की सगळे शास्त्रज्ञ पळत पळत पैठणच्या धरणावर चढतात," राजनंदिनी म्हणाली. "मी चौथीत हे शाळेत सांगितलं. बाईंनी मला उभं केलं होतं."

"आगं, उंच जागा मला तीच म्हाईत होती."

खऱ्या सिनेमात अमेरिकेनं गोळा आकाशातच फोडला आणि अमेरिकेतली माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडली.

"ह्येच्यावरच माझा आक्षेप हाय," नाना म्हणाले. "गोळा सगळ्या जगावर येतो आन काळजी एकाच गावाची. बाकी दुनियेत कुणी ऱ्हातच न्हाई का? आमच्या गेवराईचं काय झालं, कुणी एका शब्दानं बोललं न्हाई. सिंगल बेल. जागेवर थांबवा."

विजयमाला पदर तोंडाला लावून हसत होती. तिला असं हसताना बघून अमरसिंहांना बरं वाटलं, आणि नेहमीसारखी ती जीपही आठवली. रिकामी परत गेलेली. त्या दिवशी ते संतापानं थरथरत होते. सिनेमा ऐकून घरं चालतात का, असं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं त्यांनी विचारलं होतं. आठवडाभर ते बहिणीशी बोलले नाहीत. आठव्या दिवशी बीडहून मशीन आणून ओसरीत ठेवली, आणि तरीही बोलले नाहीत. बोलायला तीन महिने लागले. आता मात्र लग्नाकार्यात ते चारचौघांत सांगत, की बहिणीला उभं मी केलं, पहिली मशीन माझी. जीपचा विषय ते काढत नसत. आपण त्या वेळी चुकलो, हे त्यांना मनातून केव्हाच पटलं होतं. तोंडातून मात्र निघालं नव्हतं.

त्यांनी सहज धाकट्या भावाकडे पाहिलं. कार्तिकातल्या दुपारी, पंखा चालू असताना, नाना नव्या टॉवेलानं कपाळ पुसत होते.

"आता शेवटचा," राजनंदिनीनं जाहीर केलं. "हा आत्याच्या फर्माइशीचा. काल कुठं सापडला, मीसुद्धा अजून पाहिलेला नाही."

"आधी च्या घेऊ," नाना म्हणाले.

"आत्ताच झालाय च्या," केसरबाई म्हणाल्या.

"मंग पाय मोकळे करा जरा. छबुमावशीला किती वेळ बसवायचं एका जागी?"

"मी हाय की बरी," छबुबाई म्हणाल्या.

"तसं न्हवं. मी काय म्हणतो, ह्यो खरा हाय असं विजू सोताच म्हणती. मंग तपासायचा कशाला?"

"तपासायचा न्हाई नाना, बघायचाय," विजयमाला म्हणाली. ती सरकून टीव्हीच्या जवळ आली. "बत्तीस वर्सं लोकांला सांगते. एकदा डोळ्यांनी बघू दे मला ती बाई."

नानांनी बायकोकडे पाहिलं. केसरबाई टीव्हीकडे बघत होत्या. राजनंदिनीनं बटण दाबलं.

विजयमालाला ती बाई लगेच ओळखू आली, इतकी ती नानांच्या सांगण्यातून ओळखीची होती. भावाच्या दारात उभी. गालावर वळ. तिच्या वहिनीनं तिला पाणी दिलं, शेजारणींनी गराडा घातला. हे सगळं नानांनी सांगितलं होतं तसंच होतं, ग्लाससुद्धा पितळी होता. आता मशीन येईल, असं तिनं मनात म्हटलं.

बाईनं देवापुढं बसून एक गाणं म्हटलं. मशीन गाण्यानंतर येईल, असं विजयमालाला वाटलं. गाण्यानंतर भाऊ रडला. मग एक माणूस पळत निरोप घेऊन आला, की नवरा आजारी आहे, तुझं नाव घेतोय. विजयमालानं पदर बोटाला गुंडाळला. ही निरोपाची गोष्ट नानांनी सांगितली नव्हती. बाई उठली. अनवाणी निघाली. भाऊ मागून हाका मारत होता, नको जाऊ म्हणत नव्हता, चप्पल घाल म्हणत होता. ती नवऱ्याच्या खाटेपाशी पोचली आणि तिनं त्याचे पाय धरले. माझंच चुकलं, असं ती म्हणाली. नवऱ्यानं डोळे उघडले, करंडा मागवला, तिच्या कपाळाला कुंकू लावलं. सासू डोळे पुसत होती. समाप्त.

नावं वर सरकत राहिली. विजयमाला ती संपेपर्यंत बघत होती. मशीन आली नाही.

"मधी कापलाय का?" छबुबाईंनी विचारलं.

"नाही आजी, पूर्ण आहे," राजनंदिनी म्हणाली. हे आपण काय करून बसलो, असं तिला झालं.

विजयमालानं मान वळवली. आवाज साधाच ठेवायचा तिचा प्रयत्न होता. "जाऊ दे. नानाला काय म्हाईत आसणार? सव्वादोनला उठून आला आसंल, नेहमीसारखा. राहिलेलं गहिनीनाथनं आन त्यानं मिळून लावलं आसंल. न्हाई का रे नाना?"

तिनं भावाला सुटकेचं दार उघडून दिलं होतं. नानांनी नुसतं हो म्हटलं असतं तर तेवढ्यावर भागलं असतं, दोन दिवस हसून सगळे विसरले असते. नानांनाही ते कळलं. पण बहीण समोर बसून तोंडाकडे बघत होती आणि तिच्याशी आणखी एकदा खोटं बोलायची त्यांची छाती झाली नाही.

"न्हाई," ते म्हणाले. "ह्या पिच्चरला मी शेवटपर्यंत बसलतो."

"गाडी?"

"पस्तीस मिन्टं लेट सुटली. मेमो मिळाला."

"कावून बसलतास?"

नानांनी टॉवेल मांडीवर ठेवला. "तुझी जीप सोमवारी यायची होती. हितं पडद्यावर तुझ्यासारखीच बाई. म्हटलं ही काय करती ते बघावं, म्हंजे घरी सांगता येईल. तिनं पाय धरले. मी भायेर आलो. पॅसेंजर शिव्या देत होते, गहिनीनाथ हॉर्न वाजवीत होता. टपावर कुणीतरी शिलाई मशीन चढवलेली, हिरवी. तिचं लगेजचं तिकीट फाडलं. गाव येईस्तवर गहिनीनाथ इचारत होता, काय झालं पिच्चरमधी. मला सांगवंना. ह्यो शेवट मी घरी न्यायचा न्हाई, एवढंच डोक्यात होतं. तू परत गेली आसतीस तर मेली आसतीस, विजू. मला तसं वाटत होतं. पर दादाम्होरं बोलायची छाती न्हवती माझी, म्हणून पिच्चरच्या तोंडून बोललो."

मग अमरसिंहांचा आवाज आला.

"म्हंजे मी जीप सांगतो, आन तू ओट्यावर बसून माझी जीप माघारी धाडतो?"

"होय."

"बे तान्या." अमरसिंहांनी राग शोधून पाहिला, पण बत्तीस वर्षांपूर्वीचा तो राग आता काही हाती लागेना. "तीन महिने मी हिच्याशी बोललो न्हाई. खरं तर तुझ्याशी बोलायला नको होतं." त्यांनी घसा साफ केला. "आन ती जीप माघारी गेली, ते बरं झालं. मी चुकलतो तेव्हा."

राजनंदिनीनं वडिलांच्या तोंडून असं वाक्य जन्मात ऐकलं नव्हतं. केसरबाईंनी डोळ्याला पदर लावला. दोघं भाऊ एकमेकांकडे बघून हसायच्या बेतात होते, तेवढ्यात विजयमाला बोलली.

"तुमी दोघं भाऊ गप बसा." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुमचं मिटलं. माझं काय? एका भावानं जीप सांगितली आन एका भावानं गोष्ट सांगितली. मी दुकानात येणाऱ्या पोरीसोरींला छाती ठोकून सांगते, माझं मी ठरवलं. ठरवलं तर तुमीच. मी काय केलं? ऐकलं. बाईमाणसानं ऐकायचंच आसतं, तसं."

अमरसिंहांनी केसरबाईंकडे पाहिलं, केसरबाईंनी खाली पाहिलं.

"ए पोरी," छबुबाई म्हणाल्या. विजयमाला चोपन्न वर्षांची होती, पण छबुबाईंना ती पोरच. "त्या ऐतवारी ओट्यावर किती बाया होतो? पंधरा-सोळा जणी. माझा ह्यो हात तेव्हा मोडलेला होता, पलस्तरात. कुणी मोडला ते काय सांगत बसत न्हाई. नानानं ती गोष्ट समद्यांला सांगितली. मला लई ग्वाड लागली. रातभर डोक्यात होती म्हण की. आन सकाळी उठून मी काय केलं? एका हातानं भाकरी थापल्या. बाकीच्या समद्या जणींनीबी थापल्या. मशीन समद्यांनी ऐकली गं. मागितली तू एकटीनं."

विजयमाला छबुबाईंच्या त्या हाताकडे बघत होती. मग तिनं पदरानं तोंड पुसलं, उठली आणि खुर्चीत बसलेल्या भावासमोर जाऊन उभी राहिली.

"तुझा शेवट कुठपर्यंत हाय रे, नाना?"

"पाटीपर्यंत," नाना दबकत म्हणाले. "बाई पाटी लावती, आन समाप्त."

"तिथं कुठं आलंय समाप्त? म्होरचं तुला कायबी म्हाईत न्हाई. उठ तिथनं."

नाना मुकाट्यानं उठले आणि छबुबाईंच्या शेजारी सतरंजीवर बसले. विजयमाला खुर्चीत बसली. राजनंदिनीनं हळूच टीव्ही बंद केला.

"तर बाईनं पाटी लावली," विजयमालानं सुरुवात केली. "अक्षरं वाकडी होती, तिनं सोताच रंगवलेली. दोन दिवस कुणी फिरकलं न्हाई. भाऊ येता-जाता बघायचा आन तोंड फिरवून जायचा. तिसऱ्या दिवशी पयलं गिऱ्हाईक आलं. एक बाई, एक हात पलस्तरात. म्हणाली, झंपर शिवून दे, पर ह्या हातावरनं जाईल आसं. हिनं पलस्तराचं माप घेतलं. लई मन लावून शिवलं. आन दोन्ही बाह्या पलस्तराच्या मापाच्या शिवल्या."

"एका बाहीत कोंबडी मावत होती," छबुबाई म्हणाल्या. "जत्रंला तेच घालून गेले मी."

अमरसिंह मोठ्यानं हसले. केसरबाई पोळ्यांचं गाठोडं तसंच मांडीवर घेऊन दारात बसल्या. विजयमाला हसणं थांबायची वाट बघत होती, दोन्ही हात मांडीवर, पाठ ताठ.

नानांनी सतरंजीवर मांडी घातली आणि हनुवटी तळहातावर टेकवली.

"मग?" त्यांनी विचारलं.